गरोदरपणात एकटीने पाहिलेले लाउझित्स

जर्मनीच्या पूर्व टोकाला, पोलंड आणि चेक प्रजासत्ताक यांच्या सीमांलगत, लाउझित्स नावाचा एक प्रदेश आहे. त्याचा दक्षिणेकडचा, टेकड्यांचा भाग सॅक्सनी राज्यात मोडतो आणि उत्तरेकडचा सपाट, पाणथळ भाग ब्रांडेनबुर्ग राज्यात. २०२४ च्या वसंत ऋतूत, मला दिवस गेलेले असताना, हा प्रदेश मी एकटीने पाहिला. सध्या मुलीला घेऊन काही महिन्यांसाठी बडोद्याला माहेरी आले आहे आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येणाऱ्या काकू, मावश्या, आईच्या भजनी मंडळातल्या बायका बाळाचे नाव आणि वजन विचारून झाले की हमखास त्याच प्रश्नाशी येऊन थांबतात : पोटुशी असताना परक्या मुलखात एकटी कशी फिरलीस, आणि मुळात फिरलीस कशासाठी? विचारणाऱ्यांत काही मुली अशाही आहेत, की ज्या लवकरच नवऱ्याबरोबर कॅनडाला किंवा जर्मनीला जाणार आहेत. त्यांना हे उत्तर उपयोगी पडेल असे वाटल्याने सविस्तर लिहीत आहे.

माझा नवरा बडोद्याचाच, पण गुजराती. आम्ही दोघे सयाजीराव विद्यापीठात शिकलो आणि लग्नानंतर त्याच्या संशोधनाच्या निमित्ताने जर्मनीतल्या ड्रेस्डेनला राहायला गेलो. माझे काम अर्धवेळ आणि घरून चालणारे होते. तो सकाळी प्रयोगशाळेत गेला की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि खिडकीबाहेरचा करडा हिवाळा, एवढेच. पहिले तीन महिने उलट्यांतच गेले. चौथा महिना लागला तशी अन्नावर वासना परत आली, पायांत बळ आले, आणि त्याच सुमारास दिवसही मोठे होऊ लागले. डॉक्टर मंडळी गरोदरपणाचा हा मधला काळ सर्वांत सुसह्य मानतात, कारण सुरुवातीचा त्रास ओसरलेला असतो आणि पोटाचा भार अजून चालण्याच्या आड येत नाही. हे मोकळे महिने मला घरात बसून घालवायचे नव्हते. नवऱ्याला सुट्टी मिळेल तेव्हा दोघे कुठेतरी जाऊ, असे म्हणत राहिले असते तर ते तसेच निघून गेले असते.

लाउझित्सच निवडण्याचे पहिले कारण अगदी व्यावहारिक होते. ड्रेस्डेनहून लाउझित्समधल्या बाउत्सेनला जाणारी साधी गाडी तासाभरात पोहोचते. मे २०२३ पासून जर्मनीत एक मासिक तिकीट मिळते, त्यावर देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, बस आणि ट्राम चालतात. त्या वेळी त्याची किंमत महिन्याला ४९ युरो होती. आधी आरक्षण नको, ठरावीक गाडीचे बंधन नको. सकाळी उठल्यावर बरे वाटले तर निघावे आणि वाटेत थकवा आला तर पुढच्या स्टेशनावर उतरून उलट्या दिशेची गाडी धरावी, ही मोकळीक त्या अवस्थेत फार मोलाची असते. माझ्या मते गरोदर स्त्रीने एकटीने फिरायचे ठरवले तर किती लांब जायचे यापेक्षा किती सहज परतता येईल, हे आधी पाहावे.

दुसरे कारण स्टेशनांवरच्या पाट्या. बाउत्सेनच्या फलाटावर जर्मन नावाखाली बुदिशिन असे दुसरे नाव लिहिलेले आहे, आणि ते ज्या भाषेत आहे ती जर्मन भाषेच्या कुळातलीच नाही. ती सॉर्ब लोकांची, पोलिश आणि चेक यांच्या जवळची स्लाव्ह भाषा. सहाव्या शतकाच्या सुमारास या भागात येऊन वसलेले हे लोक चारही बाजूंनी जर्मन भाषेने वेढलेले असूनही आपली भाषा आजपर्यंत बोलत आले आहेत. गुजरातच्या मध्यभागी मराठी घरात वाढलेल्या मला हे समजल्यावर तिथे न जाणे शक्यच नव्हते.

निघण्यापूर्वी मी माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारले. तपासण्या व्यवस्थित असतील तर चालणे आणि रेल्वेचा प्रवास याला काहीच हरकत नाही, असे त्यांनी सांगितले. मात्र रक्तस्राव, पाणी जाणे, सतत दुखणे किंवा बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटणे, यांपैकी काहीही झाले तर घरी पोहोचण्याची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जायचे, हेही बजावले. जर्मनीत प्रत्येक गरोदर स्त्रीला मुटरपास नावाची एक छोटी पुस्तिका मिळते. तिच्यात रक्तगट, प्रत्येक तपासणीचे निष्कर्ष, सोनोग्राफीच्या नोंदी आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहिलेली असते, त्यामुळे अनोळखी गावातल्या अनोळखी डॉक्टरलाही पाच मिनिटांत सगळी हकीकत कळते. ही पुस्तिका माझ्या पर्समधून त्या महिन्यांत कधीच बाहेर राहिली नाही. ११२ हा तातडीचा क्रमांक आणि दवाखाने बंद असतानाच्या डॉक्टरांसाठीचा ११६११७ हा क्रमांक मी फोनमध्ये तर ठेवलेच, शिवाय एका चिठ्ठीवर लिहून पुस्तिकेत खोचून ठेवले. ज्या भागात जायचे तिथे प्रसूती विभाग असलेले रुग्णालय कोणत्या गावात आहे, ते आदल्या रात्री नकाशावर पाहून ठेवत असे.

बाकीची तयारी साधीच होती. पाण्याची मोठी बाटली, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की, केळी. गाडीत फार वेळ एका जागी बसायचे नाही, कारण गरोदरपणात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून डब्यात फेरी मारायची. झाडीतून चालायचे असेल तर पूर्ण लांबीची विजार आणि मोजे घालायचे आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड चिकटलेली नाही ना, हे नीट पाहायचे, कारण तिथल्या गोचिडी गंभीर आजार पसरवतात. बाजारातले चीज घेताना त्याच्या वेष्टनावर कच्च्या दुधाचा उल्लेख आहे का, हे वाचायचे, कारण कच्च्या दुधाचे चीज गरोदर स्त्रियांनी खायचे नसते. आणि खिशात पन्नास सेंटची व एक युरोची नाणी कायम खुळखुळत ठेवायची. या शेवटच्या सूचनेचे महत्त्व ज्यांनी युरोपात पोटात बाळ घेऊन प्रवास केला आहे त्यांनाच कळेल. बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृहाला पैसे पडतात, प्रादेशिक गाड्यांत ते असते, पण बसमध्ये नसते, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात हा विषय दिवसाच्या आखणीचा पाया होऊन बसतो. आपल्याकडे यावर कोणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

घरच्यांची समजूत घालणे या सगळ्यापेक्षा कठीण गेले. सासूबाईंनी फोनवर एवढेच म्हटले, "साचवीने जजे, बेटा" (जपून जा, बाळा), आणि पुढे काही विचारले नाही. आईचे तसे नव्हते. पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी यावे, सातव्या महिन्यात तिची ओटी भरावी, डोहाळे पुरवावेत, ही तिची अनेक वर्षांची मनातली योजना होती, आणि ड्रेस्डेनमध्येच बाळंत होण्याचा आमचा निर्णय तिने अजून पुरता पचवलेला नव्हता. त्यात मी एकटी खेड्यापाड्यांत फिरणार, हे ऐकून ती काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, रस्त्यात चक्कर आली तर तिथे तुझं कोण आहे?" तिचा प्रश्न योग्य होता आणि त्याला थट्टेने उत्तर देणे मला बरे वाटले नाही. आम्ही असे ठरवले की घरातून निघताना, गाडीत बसताना, गावात पोहोचल्यावर आणि परत फिरताना मी तिला फोनवरून माझे ठिकाण पाठवायचे, आणि अंधार पडण्याच्या आत घरी असायचे. बडोद्याचे घड्याळ तिथल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असते; त्यामुळे मी परतीच्या गाडीत बसे तेव्हा आई देवापाशी दिवा लावून माझ्या निरोपाची वाट पाहत बसलेली असे.

बाउत्सेन हे श्प्रे नदीच्या उंच कड्यावर वसलेले जुने गाव आहे. नदीकाठी १५५८ सालचा जुना पाणीपुरवठ्याचा बुरूज आहे, तिथून पाणी वर गावात चढवले जात असे. बुरुजापासून वर गावात येणारी वाट चढाची आणि पायऱ्यांची आहे, म्हणून मी खाली न उतरता वरच्या पुलावरूनच तो पाहिला. असे निर्णय त्या दिवसांत पावलोपावली घ्यावे लागले, आणि त्यांमुळे फिरण्याची एक वेगळीच रीत लागली. दिवसात एकच ठिकाण, फार तर दोन. पाऊण तास चालले की बाक शोधून बसायचे. बसले की माणसे दिसू लागतात : शाळेतून घरी निघालेली मुले, भाजीच्या पिशव्या घेऊन चढ चढणाऱ्या आजीबाई, दुकानाच्या दारात उभे राहून दोघांशी दोन भाषांत बोलणारा माणूस. आम्ही दोघे बरोबर असतो तेव्हा नकाशावरची ठिकाणे भराभर पाहून होतात. पोटातल्या बाळाच्या तालाने चालताना मला गाव दिसले.

तिथल्या संत पीटरच्या चर्चमध्ये मी बराच वेळ बसले होते. १५२४ पासून त्या एका इमारतीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही पंथांची उपासना चालते. मध्ये एक कठडा आहे, पुढचा भाग एकांचा आणि मागचा दुसऱ्यांचा. धर्मसुधारणेच्या काळात ज्या देशात पंथांच्या नावाने एवढे रक्त सांडले, तिथे एका गावाने छप्पर वाटून घेण्याचा मार्ग काढला आणि तो ५०० वर्षे चालवला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

सॉर्ब लोकांचा इतिहास मात्र इतक्या समजुतीने गेलेला नाही. आज त्यांची संख्या ६०,००० च्या आसपास मानली जाते, आणि रोजच्या व्यवहारात भाषा बोलणारे त्याहून कमी आहेत. त्यांच्या संस्थांना एकत्र आणणारी दोमोविना ही संघटना १९१२ मध्ये होयर्सवेर्डा गावी स्थापन झाली. नाझी राजवटीने १९३७ मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि सार्वजनिक जीवनातून ही भाषा पुसून टाकण्याचा प्रयत्न केला. युद्धानंतर, १९४८ मध्ये, सॅक्सनीने सॉर्ब लोकांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदा केला, शाळा सुरू झाल्या, रस्त्यांवर द्विभाषिक पाट्या आल्या. पण पुढे पूर्व जर्मनीच्या काळात जमिनीखालच्या लिग्नाइट कोळशासाठी खाणी वाढत गेल्या. लाउझित्समध्ये खाणींखाली गेलेल्या गावांची संख्या १३० च्या वर आहे, आणि त्यांतली बरीच गावे सॉर्ब वस्तीची होती. गाव उठले की शेजार तुटतो, आणि शेजार तुटला की ज्यांच्याशी आपल्या भाषेत बोलायचे ती माणसे शहरांत विखुरतात. आज त्यांपैकी अनेक खाणींत पाणी भरून मोठी तळी केली आहेत. उत्तरेकडच्या कोटबुस शहराकडे जाताना सेन्फ्टेनबर्गच्या परिसरात असे एक तळे आहे. किनाऱ्यावर उन्हात बसलेली माणसे पाहून त्या जागेचा इतिहास ठाऊक नसलेल्याला खाणीची शंकासुद्धा येणार नाही.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत बाउत्सेनमध्ये अंडी रंगवण्याची कला दाखवणारे कारागीर बसतात. मी शाकाहारी घरातली, त्यामुळे आधी थोडी लांबच उभी राहिले. मग काम पाहता पाहता खुर्ची ओढून बसले. त्या बाई सत्तरीच्या असाव्यात. त्यांच्यापुढे मेणबत्तीवर वाकवलेल्या चमच्यात मेण वितळत होते. हंसाच्या पिसाची दांडी पात्याने कापून तिचे टोक कुठे त्रिकोणी, कुठे शंकरपाळ्याच्या आकाराचे केलेले होते. ते टोक त्या मेणात बुडवत आणि पांढऱ्या अंड्यावर टेकवत. एक त्रिकोण उठला की अंडे बोटांत किंचित फिरवून त्याच्या शेजारी दुसरा. रांगोळीचे ठिपके घालणाऱ्या बाईच्या हाताला जशी अंतराची सवय असते, तशी त्यांच्या हाताला होती. मेण जिथे बसले तिथे रंग चढत नाही. म्हणून पहिला थर पांढरा राखण्यासाठी, मग अंडे पिवळ्या रंगात, पुन्हा मेण, मग तांबड्या रंगात, पुन्हा मेण, आणि शेवटी सर्वांत गडद रंगात. सगळे झाले की अंडे ज्योतीच्या वर नव्हे, तर तिच्या कडेला धरायचे, मेण ओले होऊन चमकू लागले की फडक्याने पुसायचे, आणि खालची सगळी नक्षी एकदम वर येते. मेण पुरेसे गरम नसेल तर ते धरत नाही आणि रंग आत शिरतो. माझा पहिला त्रिकोण त्यांनी हसत पुसून टाकला आणि चमचा ज्योतीच्या आणखी जवळ सरकवला.

ही अंडी धर्ममातापिता आपल्या मानलेल्या मुलांना ईस्टरला देतात, असे त्यांनी सांगितले. माझ्या पोटाकडे पाहून महिना विचारला. माझे जर्मन तेव्हा बेताचेच होते आणि त्यांनीही माझ्यासाठी सावकाश, सोपी वाक्ये वापरली. मध्येच त्यांची नात आली. तिच्याशी त्या सॉर्बमध्ये बोलल्या, पुढच्या गिऱ्हाइकाशी जर्मनमध्ये, पुन्हा नातीशी सॉर्बमध्ये, आणि या बदलांत क्षणाचीही खळ पडली नाही. हे मी लहानपणापासून पाहिलेले होते. माझी आजी खंडेराव मार्केटमध्ये वांग्यांचा भाव गुजरातीत करायची, पैसे मोजताना माझ्याशी मराठीत बोलायची आणि उरलेली घासाघीस पुन्हा गुजरातीत पुरी करायची. ते मी त्या बाईंना सांगण्याचा प्रयत्न केला. बडोदा कुठे आहे ते त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण आपल्या घराची भाषा एक आणि गावाची दुसरी, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी लगेच विचारले, "मग या बाळाची भाषा कोणती?"

नवरा गुजराती, मी मराठी, आम्ही दोघे एकमेकांशी बरेचदा गुजरातीत आणि इंग्रजीत बोलतो, बाळ जन्मणार जर्मनीत. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि पुढच्या सगळ्या फेऱ्यांत तो माझ्याबरोबर होता.

ईस्टरच्या दिवशी, ३१ मार्चला, मी पुन्हा गेले. त्या दिवशी कॅथलिक सॉर्ब पुरुष काळे लांब कोट आणि उंच काळ्या टोप्या घालून, सजवलेल्या घोड्यांवर बसून, येशूच्या पुनरुत्थानाची वार्ता गात एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. अशा नऊ मिरवणुका निघतात आणि सगळे मिळून दीड हजारांच्या आसपास घोडेस्वार असतात. गर्दी आणि घोडे या दोन्हींपासून मला लांब राहायचे होते, म्हणून चौकात न जाता गावाबाहेरच्या शेताच्या कडेला, जिथून रस्ता लांबपर्यंत दिसतो, तिथे उभी राहिले. माझ्याजवळ उभ्या असलेल्या एका कुटुंबाने घडीची खुर्ची उघडून मला बसायला दिली. माणसे जरा तुसडी असतात, अशी जर्मनीविषयी आपल्याकडे समजूत आहे. माझा त्या महिन्यांतला अनुभव याच्या अगदी उलट आहे. बसमध्ये जागा देणे, जिन्यावर पिशवी उचलणे, न विचारता पाण्याचा पेला पुढे करणे हे इतक्या सहजपणे घडले, की आईच्या "तिथे तुझं कोण आहे?" या प्रश्नाचे उत्तर मी तिला दर संध्याकाळी नव्या माणसाचे वर्णन करून देऊ लागले.

बाउत्सेन, कामेंत्स आणि होयर्सवेर्डा यांच्या मधल्या खेड्यांत सॉर्ब भाषा खरोखर रस्त्यावर ऐकू येते. शहरात ती पाट्यांवर जास्त आणि कानावर कमी पडते. त्या खेड्यांत बस थोड्या असतात, आणि सुट्टीच्या दिवशी आणखी थोड्या. पानश्वित्स-कुकाउ येथे १२४८ मध्ये स्थापन झालेला जोगिणींचा मठ आहे आणि तो आजही नांदता आहे. त्याच्या औषधी वनस्पतींच्या बागेत मी एक अख्खी दुपार घालवली. परतताना बसथांब्यावर उभी असताना पोट एकदम दगडासारखे घट्ट झाले. दुखत नव्हते, पण मी घाबरले. बाकावर बसले, पाणी प्यायले, लांब श्वास घेतले, आणि थोड्या वेळाने ते सैल झाले. तिथूनच माझ्या सुईणीला फोन केला. जर्मनीत प्रत्येक गरोदर स्त्रीला सुईणीची मदत मिळते आणि तिचा खर्च आरोग्य विमा देतो. तिने विचारले की दुखते का, ठरावीक अंतराने पुन्हा येते का, रक्त किंवा पाणी गेले का. यांपैकी काहीच नव्हते. विश्रांतीने थांबणारे, न दुखणारे असे आकुंचन गरोदरपणात होत असते, असे तिने सांगितले, आणि पुन्हा पुन्हा येऊ लागले तर बसची वाट न पाहता ११२ ला फोन करायचा, असेही. तसे काही झाले नाही. संध्याकाळी हे आईला सांगावे की नाही याचा मी बराच विचार केला आणि सांगितले. लपवले असते तर आमच्या कराराला अर्थ उरला नसता.

याच भागात मला त्या बाईंच्या प्रश्नाचा धागा पुन्हा सापडला. बसमध्ये शेजारी बसलेल्या एका तरुण आईने सांगितले, की तिची आई सॉर्ब आणि वडील जर्मन. घरात सोयीसाठी सगळे जर्मन बोलत गेले आणि तिची भाषा अर्धवट राहिली. आता तिने मुलाला वितायच्या बालवाडीत घातले होते. विताय हा उपक्रम १९९८ मध्ये कोटबुसजवळच्या झीलो येथील बालवाडीत सुरू झाला. फ्रान्समधल्या ब्रेटन भाषकांच्या शाळांचा अनुभव पाहून आखलेल्या या पद्धतीत शिक्षिका मुलांशी दिवसभर सॉर्बमध्येच बोलतात. शिकवायचे असे काही नसते, जेवण, खेळ, भांडण, झोप सगळे त्या भाषेत होते. कोटबुसच्या बाजूची लोअर सॉर्ब भाषा, म्हणजे सॉर्बचे उत्तरेकडचे रूप, तोपर्यंत आजी-आजोबांपुरतीच उरली होती, मधल्या पिढीने ती मुलांपर्यंत पोहोचवलीच नव्हती. त्या मुलीचा मुलगा आता आपल्या पणजीशी बोलतो, आणि स्वतः तीही त्याच्यामुळे पुन्हा शिकते आहे.

मी आईला हे सांगितले तेव्हा ती प्रवासाची काळजी विसरून प्रश्न विचारत सुटली. आमची मराठी गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात बडोद्याला आली. आईची पिढी इथल्या मराठी शाळेत शिकली, मी इंग्रजी माध्यमात. २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले तेव्हा आई रोज मांडवात जाऊन बसत असे, आणि आपल्या घरात मात्र माझे मराठी वाचन थांबले आहे याची तिला खंत होती, हे तिने मला त्या फोनवर प्रथमच सांगितले. आम्ही मायलेकी एवढ्या मोकळेपणाने यापूर्वी या विषयावर बोललो नव्हतो. पुढच्या प्रत्येक फेरीआधी तीच मला कामे सांगू लागली : तिथल्या बायका अंगाई कोणत्या भाषेत म्हणतात ते विचार, दोन भाषांच्या घरात आजी कोणत्या भाषेत रागावते ते विचार.

मे महिन्यात कोटबुसला गाडी बदलून मी श्प्रेवाल्डला गेले. इथे श्प्रे नदी शेकडो लहान प्रवाहांत फाटते. १९९१ पासून हा भाग युनेस्कोचे राखीव जैवमंडळ आहे. ल्युबेनाउच्या धक्क्यावरून सपाट तळाच्या लाकडी होड्या निघतात, नावाडी मागे उभा राहून लांब काठीने तळ ढकलत नाव पुढे नेतो. इंजिन नाही, हिसके नाहीत, त्यामुळे पोटाला काहीही त्रास होत नाही. फक्त चढता-उतरताना हात धरायला सांगावे आणि लांबची फेरी घेण्याआधी ती मध्ये कुठे थांबते ते विचारून घ्यावे. मी लेडे गावापर्यंतची फेरी घेतली. तिथे घरांना अंगणाऐवजी पाणी आहे, आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत टपालसुद्धा १८९७ पासून नावेनेच वाटले जाते. धक्क्यावर पिंपांतून आंबवलेल्या काकड्या सुट्या विकतात; शेपूची, मोहरीची, मिरचीची. त्या दिवसांत मला आंबट खावेसे वाटत होतेच. जेवायला उकडलेले बटाटे, ताज्या दह्यासारखे क्वार्क आणि वरून जवसाचे तेल, हे तिथले नेहमीचे साधे जेवण मिळाले. नावेतून आईला चित्रफीत पाठवली. तिचा निरोप आला, "नावेतलं डोहाळजेवण झालं की गं तुझं!" आमच्या आळीत सातव्या महिन्यात मुलीला बागेत, चांदण्यात किंवा नावेत बसवून ओटी भरण्याची हौस पूर्वीपासून आहे. त्यानंतर माहेरी न येण्याबद्दल ती कधी बोलली नाही.

जूनमध्ये पाय सुजू लागले आणि मी फिरणे थांबवले. आई जुलैत ड्रेस्डेनला आली, ऑगस्टमध्ये मुलगी झाली. थंडी पडायच्या आत मी त्या दोघींना घेऊन बाउत्सेनला जाऊन आले. बाबागाडीमुळे दगडी रस्त्यांवर हात भरून आले, पण बसमध्ये ती चढवताना एकदाही एकटीला उचलावी लागली नाही. आईने श्प्रेवरच्या पुलावर उभे राहून खालचा बुरूज पाहिला, आणि सॉर्ब पुस्तकांच्या दुकानात अर्धा तास लहान मुलांची चित्रपुस्तके चाळली. तिला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. एक पुस्तक तिने विकत घेतले.

भाषेचे आम्ही असे ठरवले आहे : मुलीशी आई आणि मी मराठीतच बोलायचे; नवरा, सासूबाई आणि सासरे यांनी गुजरातीतच. दोन्ही घरी हे पाळले जाते, आणि सासूबाई तर माझ्याहून काटेकोर आहेत. माझ्या तोंडून मुलीशी चुकून गुजराती निघाले तर त्या मला आठवण करून देतात. बडोद्याला इतके महिने राहण्याचे ठरले तेही यासाठीच, कारण ड्रेस्डेनच्या आमच्या घरात मराठी बोलणारी मी एकटीच आहे आणि इथे तिच्या कानावर दिवसभर दहा माणसांचे मराठी पडते. जर्मनची सोय तिथल्या पाळणाघरात होईल. सप्टेंबरपासून जागा मिळाली आहे.